काजळीतला कुरेनेकर

काकांच्या हातात रिकामी पिशवी मी कधी पाहिली नाही. बाजाराला निघाले तरी पिशवीत आधीच एक किलोचं वजन असायचं. पितळेचं, जुनं, बोटं लागून लागून डोक्याला गुळगुळीत झालेलं. सरकारच्या वजनमापे खात्यात त्यांनी निरीक्षक म्हणून जन्म काढला आणि मग निवृत्त झाले, पण ती निवृत्ती फक्त पगारापुरती होती. कामोठ्यातल्या एकाही वाण्याला वा भाजीवाल्याला त्यांनी तिचा फायदा मिळू दिला नाही. काट्यावर आधी आपला किलो ठेवायचा, काटा बरोबर एक दाखवतो का ते चष्मा वर करून बघायचं, आणि मगच "हं, आता घाल कांदे" म्हणायचं. मागची गिऱ्हाइकं कपाळाला हात लावायची. बिल्डिंगमधली पोरं त्यांना किलोकाका म्हणत आणि काकांना ती पदवीच वाटे.

मासळीसाठी मात्र ते बेलापूरला, दिवाळे गावात जात आणि तिथे दरवेळी त्यांची फजिती होई. कारण दिवाळ्याच्या कोळणी मासळी तोलतच नाहीत, वाटे लावतात. एकदा मी बरोबर होते. काका किलो हातात धरून उभे आणि समोर बोंबलांचे वाटे मांडून बसलेली मावशी.

"तुजा किलो घरान ठेव न ये, बाबा," ती म्हणाली. "आमी डोल्यानं तोलताव."

"डोळ्यावर सरकारी शिक्का असतो का?"

"नाय. पन पोट भरतं ना तुजं? मंग!"

आणि तिने वर एक बोंबील पिशवीत टाकला. काकांनी तो शेपटीला धरून बाहेर काढला आणि वाट्यावर परत ठेवला. "मापाबाहेरचं नको." मावशी माझ्याकडे बघून म्हणाली, "येरा हाय हा." वेडा आहे हे तोवर मलाही कळलं होतं, पण वेडात एक हिशेब होता.

मी त्यांची भाडेकरू, समोरच्या दाराची. मूळची साताऱ्याकडची, नोकरी ऐरोलीला. घर बघायला गेले तेव्हा माणसं विचारतात ते त्यांनी काहीच विचारलं नाही. लग्न झालंय का नाही, मटण खाता का नाही, कोण येतं-जातं, काही नाही. त्यांनी विचारलं, "तुझ्याकडे दूध मोजायला काय आहे?" मी गांगरले. काकू आतून म्हणाल्या, "घाबरू नको गं, ते सगळ्यांनाच विचारतात." दोघं नगर जिल्ह्यातली, तीन पिढ्यांची ख्रिस्ती. मुलगा परदेशात. त्यामुळे काकांच्या शिकवण्या ऐकायला घरात काकू आणि समोर मी, एवढाच वर्ग उरला होता.

शिकवण एकच, शब्द बदलून. "दोन मापं ठेवणारा चोर. घ्यायचं एक, द्यायचं एक. देव बाकी काही तपासत नाही, एवढंच तपासतो." आणि दुसरी, जी मला तेव्हा निव्वळ खात्यातली वाटायची: "वजन मुद्दाम खोटं करावं लागत नाही, पोरी. वापरून वापरून ते आपोआप झिजतं. दिसायला तसंच दिसतं. मालकालाही कळत नाही. म्हणून मुदत संपली की नेऊन तपासून घ्यायचं."

आणि आजोबांची गोष्ट. ती प्रत्येक भाडेकरूला, पाहुण्याला, एकदा तर गॅस दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही सांगितलेली मी ऐकली आहे. काकांचे आजोबा गावकुसाबाहेरचे. गावात तहान लागली तर वाकून ओंजळ धरायची आणि वरून कोणीतरी पाणी ओतायचं, तेही ओतणाऱ्याच्या मनात आलं तर. एकदा तापाने फणफणलेल्या आजोबांना मिशनच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या बाईंनी त्यांना स्वतःच्या पेल्यातून पाणी पाजलं आणि उरलेलं आपण प्यायल्या. "उरलेलं! उष्टं! त्या उरलेल्या घोटावर आमचं घराणं ख्रिस्ती झालं," काका म्हणत, आणि त्यांचा गळा दरवेळी बरोबर त्याच जागी दाटून येई. गॅसवाल्याचाही दाटून आला होता.

त्यांचं दुसरं वेड उत्तम शुक्रवारचं, म्हणजे गुड फ्रायडेचं. त्यांची मंडळी, म्हणजे त्यांचं चर्च, एका शाळेच्या हॉलमध्ये दर रविवारी भरे. उत्तम शुक्रवारी तिथे ख्रिस्ताच्या अखेरच्या वाटचालीचं दृश्य करत. मंडळीतले तरुण सैनिक होत, एखादा लांब केसांचा मुलगा ख्रिस्त होई. वाटेत ख्रिस्त कोलमडतो, तेव्हा सैनिक गर्दीतून एका परगावच्या माणसाला ओढतात आणि क्रूस त्याच्या खांद्यावर देतात. हा माणूस कुरेने गावचा. तो कुरेनेकर वर्षानुवर्षं काकाच करत. त्याला एकही वाक्य नाही, पण काकांनी त्याच्यावर जेवढा अभ्यास केला तेवढा नायकांनीही कधी केला नसेल. क्रूस थर्माकोलचा होता तो त्यांनी मोडीत काढायला लावला. सुताराकडून सागाचा करून घेतला आणि किती भरतो ते बघायला टेम्पोत घालून कळंबोलीच्या लोखंड बाजारात ट्रकच्या काट्यावर नेला. ट्रक तोलणाऱ्या काट्याला एवढं लाकूड लागेचना. काटेवाला म्हणाला, "ओ काका, ह्याला काय वजनबिजन नाय." काका म्हणाले, "ते उचलणाऱ्याला विचार."

आणि कुरेने आफ्रिकेत, म्हणून काका तोंड काळं करत. करवंटी जाळून तिची पूड खोबरेलात कालवायची आणि कपाळापासून गळ्यापर्यंत फासायची. दोन-दोन दिवस उशांचे अभ्रे काळे होतात म्हणून काकू करवादत. पहिल्या वर्षी काकूंनी मला आग्रहाने नेलं. काळेकुट्ट काका पांढऱ्या भुवयांसह गर्दीतून बाहेर आले आणि हॉलमधली पोरं खदखदून हसली. मोठी माणसंही ओठ चावत होती. घरी आल्यावर काका खुशीत होते. "लोकांना आवडतं," म्हणाले.

पुढच्या वर्षी मंडळीत दानिएल येऊ लागला. झांबियाचा, खारघरच्या एका कॉलेजात फार्मसी शिकणारा, उंच, लाजरा. मराठी भजनं तो इंग्रजी अक्षरांत लिहून घेई आणि अशा ठणठणीत आवाजात म्हणे, की अर्थ न कळताही त्याला ती आमच्यापेक्षा जास्त कळत असावीत असं वाटे. उपासना संपली की मंडळीत सगळे एकमेकांना सलाम म्हणून हात मिळवतात. दानिएल समोर आला की काका पिशवी दोन्ही हातांत धरत. पितळी किलोला दोन हात लागतात अशातला भाग नव्हता. त्याच्याबद्दल बोलताना ते कधी नाव घेत नसत. "तो आला होता." "त्याचा आवाज मोठाय."

सोसायटीच्या मीटिंगमध्ये आफ्रिकन लोकांना फ्लॅट भाड्याने द्यायचा नाही असा ठराव आला, तेव्हा अनुमोदन काकांचं होतं. काकूंनी घरी येऊन विचारलं तर म्हणाले, "माझं तसं काही नाही. पण सोसायटीचं बघावं लागतं."

"सोसायटीत तुम्ही येत नाही का?" काकू म्हणाल्या.

मग एका संध्याकाळी मंडळीचे पाळकसाहेब, म्हणजे पास्टर, घरी आले, बरोबर दानिएल. मी तिथेच काकूंबरोबर मेथी निवडत बसले होते. पाळकसाहेब वयाने तरुण, काकांपुढे जरा दबूनच बोलत. त्यांचं म्हणणं असं, की यंदा कुरेनेकर दानिएलने केला तर कसं?

"त्याला मराठी येत नाही," काका म्हणाले.

"कुरेनेकराला वाक्य कुठंय, काका?"

"वाक्य नाही म्हणून काय झालं? चालणं मराठी पाहिजे."

पाळकसाहेबांनी हसण्यावारी नेलं. दानिएलला किती समजलं कोण जाणे, तो भिंतीवरच्या कॅलेंडरवरचा ख्रिस्त बघत होता. चहा झाला तेव्हा काका स्वतः उठून आत गेले आणि ट्रे घेऊन आले. पाळकसाहेबांना कपबशी, मला कपबशी, स्वतःला कपबशी. दानिएलला कागदी कप. त्याने तो दोन्ही हातांनी घेतला, थँक्यू म्हणाला.

ते गेल्यावर काकूंनी तो कागदी कप उचलला आणि काकांसमोर टेबलावर ठेवला. काकूंना आवाज चढवायची सवय नव्हती, तेव्हाही चढवला नाही. "तुमच्या आजोबांना ओंजळ आणि ह्याला कागद. माप तेच राहिलं की हो."

काका म्हणाले, घाईत हाताला लागला तो दिला. पण त्या दिवसापासून आजोबांची गोष्ट बंद झाली. पाहुणे येत, चहा होई, काका पाण्याच्या गप्पांपर्यंत येत आणि तिथून पावसाकडे वळत.

उत्तम शुक्रवारी कुरेनेकर काकाच होते. हॉलच्या मागच्या खोलीत मी त्यांच्यासमोर आरसा धरून उभी होते. कपाळ, नाक, एक गाल झाला होता. तेवढ्यात दानिएल क्रूस न्यायला आत आला आणि दारातच थांबला. काका आरशातून त्याच्याकडे बघत राहिले.

"अंकल, ये क्यूं?" त्याने विचारलं.

"कुरेने आफ्रिका में है," काका त्यांच्या खात्याच्या हिंदीत म्हणाले.

दानिएल रागावला नाही. रागावला असता तर काकांनी त्याला उत्तर दिलं असतं. तो म्हणाला, "मैं तो समझा था, आपको ये कलर पसंद नहीं." आणि क्रूस खांद्यावर घेऊन निघून गेला.

काका म्हणाले, "साबण बघ गं." साबण होता, पाणी होतं, पण खोबरेलातली काजळी पाण्याला दाद देत नाही. चेहरा राखाडी झाला, गालावरून काळे ओघळ आले, कानामागे तसंच राहिलं. बाहेरून हाक आली तेव्हा ते तसेच गेले. पोरं दरवर्षीपेक्षा जास्त हसली. दरवर्षी तेच हसू होतं, पण यंदा ते काकांना ऐकू आलं असावं. क्रूस घेऊन चालताना ते नेहमी मान ताठ ठेवत, त्या दिवशी ती खाली होती.

त्यानंतर काकांनी प्रभुभोजन घेणं सोडलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी आणि ईस्टरला मंडळी पुढे जाते, भाकर आणि द्राक्षरस घेते. काका बाकावरच बसून राहत. इतक्या वर्षांत ते एकदाही चुकले नव्हते, त्यामुळे मंडळीत कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणालं पाळकसाहेबांशी वाजलं, कोणी म्हणालं गुडघे गेले. काकूंचा मात्र जीव खालीवर होत होता. प्रभूच्या मेजावरून उठलेला माणूस म्हणजे त्यांच्या लेखी घरातून निघून गेलेला माणूस. त्यांनी मला समजावून सांगितलं, की मनात कोणाविषयी अढी असेल तर हात पुढे करायचा नाही, आधी त्याच्याकडे जाऊन ती मिटवायची, मग यायचं. असा नियमच आहे.

"अहो, पण तुमचं कुठं भांडण झालंय त्याच्याशी?" त्या काकांना म्हणाल्या.

"भांडण झालं असतं तर सोपं होतं."

हे सगळं ते मला सांगत, गॅलरीत उभं राहून, जणू दुसऱ्याच कोणाच्या दुकानावर धाड घातली आहे. "झिजलेलं निघालं वजन. मला वाटायचं आपण एक किलो. कोणी ठेवलंच नव्हतं ना दुसऱ्या पारड्यात काही." आणि एकदा म्हणाले, "मनाला पटलंय, पोरी. हाताला पटत नाही."

हाताला पटवण्याचे त्यांचे प्रयोग मी पाहिले आहेत. रविवारी पिशवी घरी ठेवून जायला लागले, हात रिकामे राहावेत म्हणून. पहिल्या रविवारी दानिएल समोर आला तेव्हा त्यांनी हात उचलला आणि आयत्या वेळी स्वतःचा कान खाजवला. पुढे कधीतरी हात मिळवला. घरी येऊन काकूंना म्हणाले, "मिळवला. आणि आल्यावर धुतला. साबण लावून धुतला." हे सांगायची त्यांना कोणी सक्ती केली नव्हती. पण खोटं वजन सापडलं की ते लपवायचं नाही, जमा करायचं, ही खात्यातली शिस्त. रोज पहाटे गुडघे टेकून ते प्रार्थना करत. काय मागत ते काकूंना माहीत होतं आणि काकूंनी मला सांगितलं नाही.

सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये तो ठराव मागे घ्यावा असं त्यांनी मांडलं. बाजूने एक हात वर झाला, तो त्यांचाच. सेक्रेटरी म्हणाले, "काका, अनुमोदन तुमचंच होतं ना?" काका म्हणाले, "होतं. चुकीचं होतं." ठराव तसाच राहिला. मला ते मनापासून आवडले असतील तर त्या दिवसापासून.

उत्तम शुक्रवार पुन्हा जवळ आला तेव्हा ते मला म्हणाले, चल, त्याच्याकडे जाऊ, तुझं इंग्रजी बरं आहे. दानिएल कामोठ्यातच एका गल्लीत, गॅरेजच्या मागच्या खोलीत राहायचा. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. खुर्ची एकच, ती काकांना. त्यांनी घसा साफ केला आणि सांगितलं, की कुरेनेकर आता तू कर. माझा हक्क मी सोडला. एवढा मोठा त्याग त्यांनी आयुष्यात केला नसावा आणि तो आपल्या चेहऱ्यावर दिसतो आहे याचीही त्यांना जाणीव असावी.

दानिएल हसायला लागला. लाजरा माणूस, पण पोट धरून हसला. "अंकल, इंडिया आया तब से हर चर्च में मेरे को यही रोल! काला आदमी आया, क्रॉस उठवा लो." मग डोळे पुसत म्हणाला, "मेरे को जीजस करना है."

काकांचं तोंड उघडं राहिलं. परत येताना ते आमच्या गेटापाशी थांबले.

"पोरी, तो दिसायचा कसा, कोणी पाहिलंय?"

"कोण?"

"ख्रिस्त. आमच्या कॅलेंडरवर तो गोरा, डोळे निळे. इतकी वर्षं मी त्याच्यापुढं डोकं टेकतोय. पण तो कोणी तपासून शिक्का मारला होता?"

दानिएल ख्रिस्त होणार म्हटल्यावर मंडळीत कुरकुर झाली. पाळकसाहेबांनाही घाम फुटला, साधेभोळे लोक काय म्हणतील, वगैरे. काका सभेत उठून एवढंच म्हणाले, "निळ्या डोळ्यांचा चालतो, हा चालत नाही. दोन मापं का?" आणि खाली बसले. किलोकाकांशी मापाच्या बाबतीत वाद घालायची कामोठ्यात कोणाची टाप नव्हती, ती मंडळीतही नव्हती.

तर त्या शुक्रवारी दानिएल ख्रिस्त झाला आणि काका कुरेनेकर. काजळी नाही, काही नाही, नगर जिल्ह्याचा आपला सावळा चेहरा. हॉलच्या अंगणात ऊन असं होतं की फरशीवर पाय ठेववत नव्हता. सागाचा क्रूस घेऊन दानिएल तीन वेळा पडला, तिसऱ्यांदा खरोखरचा. पोरं हसली नाहीत. सैनिकांनी काकांना ओढलं. काका पुढे आले, वाकले आणि त्याच्या खांद्यावरचं लाकूड उचलताना थोडा वेळ तसेच वाकलेले राहिले. काकूंनी माझा हात घट्ट धरला. मग दोघं चालू लागले, पुढे तो, मागे हे.

सगळं झाल्यावर आम्ही मागच्या खोलीत गेलो. दोघंही घामाने निथळत होते. काकांना धाप लागली होती, सकाळपासून उपास. तिथे पाण्याची एकच बाटली होती आणि दानिएल ती तोंडाला लावून पीत होता. अर्ध्यावर त्याचं काकांकडे लक्ष गेलं. तो थांबला. बाटलीचं तोंड त्याने आपल्या झग्याने पुसलं, पुन्हा एकदा पुसलं आणि बाटली पुढे केली. "सॉरी, अंकल. ऊपर से पी लो."

म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं. कागदी कपही, पिशवी धरलेले दोन हातही.

काकांनी बाटली घेतली. ती धरून उभे राहिले, इतका वेळ की काकू "मी दुसरी आणते" म्हणून वळल्याही. मग त्यांनी ती तोंडाला लावली आणि उरलेलं सगळं पाणी प्यायले. सावकाश, मधे न थांबता, शेवटच्या घोटापर्यंत.

काकू दाराशीच थांबल्या होत्या. पदराने डोळे पुसत मला म्हणाल्या, "ह्या रविवारी जातील आता पुढं, भाकर घ्यायला."

काकांनी तोंड पुसलं नाही. रिकामी बाटली त्याच्या हातात देत म्हणाले, "पाणी कोमट झालंय रे, दानिएल."

त्यांच्या तोंडून ते नाव मी पहिल्यांदाच ऐकलं.